कातिणीची खोली

"हालू नको! तापी, हालू नको, तुन्हा मानवर शे!"

पंचवीस वर्षं झाली त्या आवाजाला, तरी तापीबाईच्या कानात तो अजून ताजा होता. आवाज दगू मावशीचा. मावशी खळ्यात बोलली की वेशीवरचे बैल कान टवकारायचे, असा तिचा गळा. तापी तेव्हा सहा वर्षांची होती आणि माहेरच्या पडवीत कापसाच्या ढिगापाशी बसून बाहुलीच्या उशीसाठी कापूस पिंजत होती. आधी आवाज आला, आवाजामागून मावशीचा हात. फाडकन्! मानेवर काहीतरी फुटलं, ओलं झालं आणि पाठीच्या मणक्यांवरून सावकाश खाली उतरलं. "मरी गयी मुई, एवढी मोठी कातीन व्हती," असं म्हणत मावशीने पदराने तिची मान पुसली आणि ती आपल्या कामाला लागली.

मावशी दुसऱ्याच दिवशी विसरली. तापीच्या मानेवर मात्र ते आठ पाय कायमचे राहायला आले.

नदीचं नाव घेऊन जन्मलेली ही पोर लग्न होऊन नदीच्याच काठी आली. सासर गुजरांचं, काळीभोर जमीन, केळीची बाग, दावणीला चार बैल. सून कामाला खमकी निघाली. पुरात वाहून चाललेलं वासरू तिने लुगडं कासेला खोचून ओढून आणलं होतं. गोठ्यात नाग निघाला, पुरुषमाणसं काठ्या शोधत फिरत होती, तोवर हिने त्याच्यावर टोपली पालथी घालून वर पाटा ठेवला. पण भिंतीवर कातीण, म्हणजे कोळी, दिसली की याच बाईचे तळहात गार पडायचे, दातखीळ बसायची, पायांखालची भुई सरकायची. एकदा विहिरीवरून येताना एक धागा, नुसता एक धागा तोंडाला आडवा लागला, तर डोक्यावरच्या दोन्ही घागरी खाली! पाणवठ्यावर बायांना तेवढंच हसायला मिळालं.

"वं तापी, तुन्हा नवराले इतल्या मिशा शेत, त्याले कशी भ्यास नही तू?"

"त्या मिशा मी रोज देखस ना, मन्ही माय!" ती हसून उत्तर द्यायची. हसण्यात ती कुणाला हार जायची नाही. पण घरी आल्यावर लुगडं तीनदा झटकल्याशिवाय अंगाला लावायची नाही, आणि रोज सकाळी बांबूला केरसुणी बांधून घराचा कोपरान् कोपरा झाडून काढायची. त्या घरात कातिणीला पाय टेकायला जागा उरली नव्हती.

एक खोली सोडून.

घराच्या मागच्या अंगाला, गोठ्याला लागून, बियाण्याची खोली होती. एक बुटकं दार आणि भिंतीत हातभर झरोका. माघ-फाल्गुनात दादर, म्हणजे थंडीवर येणारी त्या भागातली ज्वारी, कापून खळ्यात पडली की सासू पार्वतीबाई स्वतः कणसं निवडायला बसायची. भरलेलं, एका रंगाचं, दाण्याला दाणा घट्ट बिलगलेलं कणीस तेवढं उचलायचं. त्यांच्या जुड्या बांधून या खोलीच्या आढ्याला टांगायच्या, त्या थेट भाद्रपद सरताना पेरणीलाच खाली उतरायच्या. भिंतीच्या फटी बाहेरून शेणमातीने लिंपायचं काम हिलालचं. हिलाल घरचा सालदार, त्याच्या बापानेही याच भिंती लिंपल्या होत्या. आणि पेरणीच्या दिवशी पाभरीवरचं चाडं धरून त्यातून मूठमूठ बी सोडायचा मान, तोही त्याच्याच हाताचा. खोलीत पाऊल टाकायचं ते मात्र घरच्या वडील बाईने, तेही एकटीने. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन कणसांवरून हात फिरवून यायचं. किल्ली तिच्या कमरेला.

तापीबाईने नवी नवरी असताना एकदा त्या दारातून डोकावलं होतं. आढ्यापासून कणसांपर्यंत जाळ्यांचे पडदे लोंबत होते, आणि प्रत्येक पडद्याआड कुणीतरी पाय पसरून बसलं होतं. त्यानंतर ती त्या दाराकडे पाठ करूनच भांडी घासायची.

साल चौतीस-पस्तीसचं असेल. पार्वतीबाईच्या डोळ्यांत मोती उतरला. चैत्रात एके दिवशी तिने सुनेला जवळ बसवलं.

"तापी, आते मन्हा डोयाले काही सूचत नही. आखाजीले किल्ली तुन्ही."

"मन्ही? आत्या, इतली घाई कसाले?" सासूला ती आत्या म्हणायची.

"घाई? तीस साल ती किल्ली मन्ही कंबरले घासायनी!" म्हातारी हसली. "आन किल्ली देताना एक गोट सांगनी पडस. मन्ही सासूनी माले सांगी, मी तुले सांगसू. तधय. आज नही."

ती गोष्ट काय, हे विचारायचं भान तापीबाईला राहिलं नाही. तिला फक्त ते पडदे दिसत होते. अक्षय्य तृतीयेपासून, आखाजीपासून, दर पंधरवड्याला त्यांच्याखालून वाकून जायचं होतं.

आखाजीच्या आधी पार्वतीबाई चार दिवस धानोऱ्याला भाचीच्या लग्नाला गेली आणि जाताना किल्ली देवघरात ठेवून गेली. नवरा शांतीलाल नंदुरबारच्या बाजाराला, हिलाल बागेत. तापीबाईने घरातला सर्वांत लांब बांबू काढला, त्याच्या टोकाला केरसुणी करकचून बांधली, डोक्यावरून तोंडावरून पदर गुंडाळला आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून, डोळे मिटून, आतलं सगळं झाडलं. हात भरून आले तरी थांबली नाही. बांबूवरून काही सरसर चढत येईल म्हणून मधूनच तो भुईवर आपटायची. जाळ्यांचा करडा गोळा उकिरड्यावर नेऊन तिने पेटवला. मग दार लावलं, किल्ली देवापुढे ठेवली आणि पोटभर जेवली. आता ये म्हणावं आखाजी!

आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, निंबाला झोके बांधले गेले, गाण्यांनी गल्ली दुमदुमली. पार्वतीबाईने सुनेला खोलीच्या बंद दाराशी नेलं, किल्लीचा करगोटा तिच्या कमरेला बांधला आणि तोंड तिच्या कानाशी आणलं.

"आते ऐक. आठे झाडू आनना नही. जायाले हात लावना नही. ती कातीन शे ना, ती या बीनी राखन शे. पाखरू ऊनं का ती धरस. आपला घरनी बाई तिले कधी हात लावत नही. समजनं?"

तापीबाईच्या कानात बाहेरचं गाणं एकदम बंद पडलं. आता सांगावं. आत्ताच. शब्द दातांपर्यंत आला, सासूच्या सुरकुतल्या तोंडावरचा आनंद पाहून थबकला, आणि मागे फिरला.

"समजनं, आत्या," ती म्हणाली.

ज्येष्ठात पाखरू, म्हणजे दाणा पोखरणारा पतंग, आलं. तांदळाच्या दाण्याएवढं, मातकट, भुर्रकन् उडणारं. आधी झरोक्याशी एक, मग दाराच्या फटीत तीन-चार. तापीबाईने एक जुडी उतरवून दाराशी बसलेल्या सासूच्या हातात दिली. पार्वतीबाईने कणीस चोळलं तसं दाण्यांतून पीठ गळलं. म्हातारी बराच वेळ बोटांवरचं पीठ चोळत बसली. ती दादर तिच्या सासूने या घरात आणली होती. तीस वर्षांत तिने बाहेरून बीचा एक दाणा आणला नव्हता.

"वर जायं शे ना?" तिने विचारलं. "मन्हा डोयाले दिसत नही. तू देख."

तापीबाईने वर पाहिलं. आढ्याला एक जाळं नव्हतं, ते स्वच्छ होतं, नुकत्या न्हालेल्या पोराच्या पाठीसारखं.

"शे," ती म्हणाली.

"मंग फट राही गयी," पार्वतीबाई म्हणाली. "हिलालले बलाव."

हिलाल आला, अंगणात उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, पिळाचं मुंडासं.

"माय, मी त बोट लाई लाई लिंपेल व्हतं."

"मंग पाखरू काय आभायथून पडनं?"

हिलालने भिंतीकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"औंदा चाडं नवल धरी," पार्वतीबाई म्हणाली. नवल म्हणजे शेजारच्या वाड्यातला गडी. "जो हात फट ठेवस, तो हात बी काय पेरी?"

हिलाल मान खाली घालून गोठ्याकडे गेला. बैलांना पाणी पाजताना तो रोज काहीतरी गुणगुणायचा. त्या दिवशी नुसता पाण्याचा आवाज ऐकू आला. भांडी घासता घासता तापीबाई तो ऐकत राहिली.

बारा जुड्यांतल्या दोन गेल्या होत्या. उरलेल्या दहा तिने उन्हात घातल्या, एकेक कणीस झटकलं, निंबाचा पाला मध्ये घालून पुन्हा टांगल्या. पण चार दिवसांनी पाखरू परत दिसलं. पेरणीला तीन महिने होते. राखणदार हाकलून दिल्यावर घराचं काय होतं ते तिला दिसत होतं. आता राखणदार परत आणायला हवे होते, आणि आत जाण्याचा अधिकार एकट्या तिचा. दुसऱ्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"आपनच हाकलं, आपनच बलावूत," ती स्वतःशी म्हणाली. म्हणताना तळहात गार पडले, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

गोठ्याच्या आढ्याला, दूर कोपऱ्यात, एक कातीण होती. तापीबाईचा झाडू गोठ्यात फिरत नसे म्हणून वाचलेली. लांब बारीक पायांची, सगळा पसारा तळहाताएवढा. जातं पडवीत, गोठ्याच्या समोर. पहाटे दळताना तिथून ती दिसायची, म्हणून तापीबाई इतकी वर्षं पाठ फिरवून दळत असे. दुसऱ्या दिवशी तिने जात्याच्या पलीकडच्या बाजूला पाट मांडला आणि तोंड गोठ्याकडे केलं.

काळजाचे ठोके जात्याच्या घरघरीवर चढून ऐकू येऊ लागले. पण दळता दळता बाईच्या तोंडी ओवी येणारच, आणि ओवी म्हणायची तर श्वास लांब घ्यावाच लागतो.

पयली मन्ही ओवी वं, कातीनना पायले
दूर बठी मी देखस, हात लाई जात्याले

एवढी एक ओवी होईपर्यंत बघायचं, मग मान वळवायची. असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोन ओव्या. आठ दिवसांत पायली संपेतो ती बघू लागली. मग दळण झाल्यावर उठून एक पाऊल गोठ्याकडे टाकायचं, तिथे उभं राहून एक ओवी म्हणायची, आणि परत यायचं. रोज एक पाऊल जास्त. एखाद्या दिवशी जमायचं नाही, छाती भरून यायची, तेव्हा कालच्याच पावलावर उभी राहायची. मागे मात्र सरकायची नाही.

दुसरी मन्ही ओवी वं, कातीनना सूतले
नही चरखा, नही टकळी, कोनी शिकाडं तुले?

तिने कातिणीचं नाव दगूबाई ठेवलं. मावशीचंच नाव! नाव ठेवल्यावर थोडं बरं वाटू लागलं. "काय वं दगूबाई, आज माशी भेटनी का?" असं विचारलं की भीती जरा खुळी दिसायची. चौथी-पाचवीतली पोर जशी मास्तराला टोपणनाव ठेवते, तसं झालं ते.

एकदा ती तीन हातांवर पोचली, तशी दगूबाई एकाएकी जाळ्यासकट थरथरू लागली. इतकी जोरात की पाय दिसेनासे झाले, नुसता धुरकट गोळा दिसू लागला. तापीबाईची किंकाळी घशातच राहिली. पाय पळायला वळले होते, पण डोळे वरच खिळले. हे थरथरणं तिच्या ओळखीचं होतं. स्वतःच्या हातांत, गुडघ्यांत, ओठांत तिने ते पंचवीस वर्षं पाहिलं होतं.

"तू माले भ्यास का वं?" तिने हळूच विचारलं.

तिथे शेणाच्या वासात उभ्या उभ्या तिला ते खळं, ती पडवी, तो कापूस पुन्हा आठवला. पहिल्यांदाच तिने ते सगळं सावकाश पाहिलं. मानेवर एक जीव बसला होता. त्याने चावलं नव्हतं, ओरबाडलं नव्हतं. बसला होता, बस्स. दुखलं ते मावशीच्या थपडेने. ओरडली ती मावशी. आणि मेली ती बिचारी कातीण.

"मन्ही माय!" तापीबाई एकटीच हसत सुटली. हसताना डोळ्यांतून पाणी आलं. "थप्पड मावशीनी, आन पंचवीस साल मी तुन्हा नावनं बोटं मोडी ऱ्हायनी!"

तिसरी मन्ही ओवी वं, आपला दोन्ही जीवले
तू कांपस वर बठी, कोन दी धीर कोनले?

भीती त्या दिवशी गेली असं नाही. पण तिचा मालकपणा गेला.

आषाढात पकडायची वेळ आली. आधी तिने बांबू लावला, तर दगूबाई बांबूवरूनच तुरुतुरु खाली येऊ लागली आणि तापीबाईने बांबू फेकून दिला. तो नेमका पाण्याच्या डोणीत पडला. बैल दचकला. हिलाल कडबा टाकत होता, त्याने मान वळवली.

"वहिनी, कातीन शोधी ऱ्हायनात का हत्ती?"

"कातीन."

हिलालने डोळे बारीक केले. साऱ्या गावाला माहीत असलेली गोष्ट त्यालाही माहीत होती. पण त्याने कारण विचारलं नाही.

"बांबूवर ती धावस. पळसना पानना द्रोन करा," तो म्हणाला. त्याने कुंपणाच्या पळसाची दोन पानं तोडली, काडीने टाचली आणि द्रोण तिच्या हातात दिला. "हाई खाले धरा. वरथून दुसरं पान हळूच आना. तिले वाटाले पाहिजे का आपनच चालनूत. जबरदस्ती करी, त पाय तुटस बिचारीना."

त्याचे हात तिने जवळून पाहिले. नखांच्या कडेला शेणमाती कायमची मुरलेली होती. याच हातांना घरात बोल लागला होता. तोंडात आलेलं तिने गिळलं. आधी बी वाचू दे, तिने मनाशी म्हटलं, मग बोलेन. हे म्हणणं सोयीचं आहे हेही तिला कळत होतं.

पहिल्या दिवशी द्रोण रिकामा आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती शिडीवर चढली, द्रोण खाली धरला, वरून पान आणलं, आणि दगूबाई आपली आपण चालत, पाहुणीने वाहनात बसावं तशी, द्रोणात उतरली. द्रोणाचं वजन वाढलं नाही. तापीबाईला मात्र वाटलं, आपण भरलेली घागर उतरवतोय. पानाआडून आठ पायांची कुजबूज बोटांना लागत होती. शिडीच्या पाच पायऱ्या, गोठ्याची लांबी, अंगण. एका हाताने तिने किल्ली फिरवली, आत गेली, आढ्याच्या कोपऱ्यात द्रोण टेकवला.

"उतर वं दगूबाई. हाई तुन्हं घर."

दगूबाई उतरली. तेव्हा तापीबाईला दिसलं, तिने तोंडात अंड्यांची एक पुरचुंडी धरली होती, मोत्यांच्या चुरीसारखी. इतका वेळ ही बाई तोंडात लेकरं धरून थरथरत होती तर! तापीबाई गोठ्यात परत गेली. तिने दुसरा द्रोण टाचला.

श्रावण लागेपर्यंत तिने अकरा कातिणी नेल्या. गोठ्यातून, चुलत सासऱ्यांच्या पडक्या भिंतीतून, नदीकडच्या महादेवाच्या देवळातून. बायांनी पाहिलं, तोंडावर पदर घेतला. "तापीनी कातीनना धंदा लाया का?" त्यांनी विचारलं. "हा," ती म्हणाली, "तुमना घरमा व्हई त सांगा, जोडीनं लेसू." पाणवठ्यावर मोठा हशा उसळला, आणि या वेळी तो तिच्या बाजूने होता.

दगूबाईची अंडी फुटून पिल्लं निघाली. केसाएवढ्या पायांची, शंभर तरी असतील. पंधरा दिवसांत आढ्याला पहिला पडदा दिसू लागला. त्यात मातकट पाखरांचे पंख अडकले होते. तापीबाई ते पंख मोजायची नाही, पण रोज बघून यायची, आणि बघताना तिला आपली पाठ ताठ झाल्याचं जाणवायचं.

एक दिवस दार उघडं राहिलं आणि चार वर्षांची धनू, तिची लेक, मागून आत शिरली. तापीबाई वळली तर पोरीच्या खांद्यावर एक कातीण, मानेकडे चाललेली. धनूने मान तिरकी केली.

"माय, मन्हा खांदावर काय शे?"

तापीबाईच्या छातीत पंचवीस वर्षांचा तो आवाज उठला. तेच शब्द, तोच जोर. तो ओठांपर्यंत आला, आणि तिथे तिने त्याला जात्यावरच्या ओवीसारखा लांब श्वास दिला.

"हालू नको, धनू," ती मऊ आवाजात म्हणाली. "पाव्हनी शे. तिन्ही वाट ती शोधी लेई."

तिने तळहात पोरीच्या खांद्याला लावला, उघडा, द्रोणाशिवाय. कातीण थबकली, एक पाय पुढे टाकून चाचपली, मग चढली. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून भिंतीवर. धनू खिदळली. "गुदगुल्या करस!" ती म्हणाली, आणि बाहेर पळाली.

तापीबाई हात तसाच पसरून उभी राहिली. हात थरथरत नव्हता.

भाद्रपद सरताना वाफसा आला. पाभर अंगणात आणली, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला. शांतीलालने नारळ आणला. नवल धुतलेलं धोतर नेसून चाड्यापाशी उभा होता, जरा अवघडल्यासारखा. हिलाल बैलांची वेसण धरून मागे, मुंडासं नीट बांधलेलं.

जुड्या उतरवायच्या दिवशी तेवढी मोकळीक, म्हणून पार्वतीबाई सुनेचा हात धरून खोलीत गेली. दहाच्या दहा जुड्या. म्हातारीने एकेका कणसावरून हात फिरवला, एक दाणा दाताखाली धरला. कट्. भरलेला, कोरडा, गोड. मग तिने हात वर केला आणि बोटांना जाळं लागलं. चेहरा उजळला.

"जायं शे. देख, मन्ही सासूना वखतले व्हतं तसंच शे."

बाहेर येऊन ती ओट्यावर बसली. कणसं चोळून, पाखडून बी सुपात घेतलं. मोत्यासारखं बी सुपात सरसरलं तशी म्हातारीने चारचौघांत सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"मन्ही तापी कातीनले भ्यास, असं बठ्ठं गाव म्हनस. पन राखन कशी करी देखा! आते मी डोया मिटी त चिंता नही." मग नवलकडे तोंड करून म्हणाली, "ले नवल, चाडं धर. ज्याना हातनी फट राही गयी, तो बैल हाकली."

हिलालने वेसणीवरचा हात जरा आवळला. नवल सुपाकडे पुढे झाला.

सूप तापीबाईच्या हातात होतं. तिने ते दिलं नाही.

गल्लीतल्या बाया उभ्या होत्या, नवरा उभा होता, नारळ फुटायचा बाकी होता. तिला वाटलं, तळहात गार पडतील. ते गार पडले नाहीत. हे तळहात आता वेगळे होते, त्यांच्यावरून आठ पाय चालून गेले होते. तिने एक लांब श्वास घेतला, सरळ हिलालपाशी गेली आणि सूप त्याच्या हातांवर ठेवलं. मग वळून सासूच्या मिटत चाललेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"आत्या, फट कठेच राही नही व्हती," ती साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, गळा दगू मावशीचा लावून. "आखाजीना पह्यले, तू धानोराले व्हती ना, तधय ते बठ्ठं जायं मी झाडी टाकं. भ्यावमुळे. तू इचारं, जायं शे का, आन मी खोटं बोलनी."